नागपूरच्या मेश्रामांना आणायला

नागपूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीत जो तो एकच विचारतो, "संत्री आणलीत का?" आणली होती बाई, आणली होती! करंडी भरून आणली होती. करंडी गाडीतच फुटली, निम्मी संत्री डब्यातल्या लोकांनी सोलून खाल्ली आणि उरलेली शेजारीपाजारी वाटण्यात गेली. पण मी काही संत्र्यांसाठी गेले नव्हते. मी मेश्राम नावाच्या माणसाला आणायला गेले होते, आणि ती हकीकत मला कुणी विचारत नाही. म्हणून न विचारताच सांगते.

आधी आमच्या इस्पितळाचं सांगायला हवं. मी नर्स. आमचे डॉक्टर मेंदूचे. परदेशात राहून शिकून आलेले, हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, जीभ तेवढी तिखट. मेंदूतल्या रक्तवाहिनीला कुठे फुगा आलाय, कुठे ती तुंबलीय, हे कवटी न उघडता बघायचं तर त्या रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रे काढावे लागतात. औषध सोडायचे रस्ते दोन. एक म्हणजे मानेत थेट सुई घालायची. दुसरा म्हणजे जांघेतून एक बारीक नळी आत घालायची आणि पोटातून, छातीतून हळूहळू सरकवत मानेपर्यंत न्यायची. दुसरा रस्ता लांबचा, पण पेशंटच्या सुखाचा. आमचे डॉक्टर तोच शिकून आले होते. अडचण एवढीच, की नळी येते सरळ आणि आतली वाट वाकडी. टोकाला नेमका बाक दिल्याशिवाय नळी मानेकडे वळतच नाही. तिकडे परदेशात बाक देणारी माणसं वेगळी असतात म्हणे. इथे तो द्यायचा कुणी? डॉक्टरांनी चारपाचदा स्वतः करून पाहिलं, नळ्या वितळवल्या, चिडले आणि पुन्हा सुईकडे वळले.

त्या सुईने एकदा घात केला. एस.टी.तला एक कंडक्टर होता, पस्तिशी न उलटलेला. त्याचं डोकं मी माझ्या दोन्ही तळव्यांत धरलं होतं. सुई मानेत गेली आणि माझ्या हातांतच त्याचं तोंड वाकडं झालं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. अजूनही तो बायकोचा खांदा धरून तपासायला येतो आणि मला पाहिलं की अर्ध्या तोंडाने हसतो. तो हसला की त्या दिवशी मला जेवण जात नाही.

मग एका परिषदेहून डॉक्टर आले ते उत्साहाने म्हणाले, "सिस्टर, नागपूरला कुणीतरी मेश्राम आहे. त्याने वळवलेली नळी हात लावताच जाते म्हणतात. त्याला आपल्याकडे आणायचा." पत्र गेलं. श्री. मेश्राम यांस, टेक्निशियनच्या जागेवर, सरकारी टेक्निशियनच्या दुप्पट पगार, शिवाय राहायला खोली. महिना झाला तरी उत्तर नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्याच पत्राची दुसरी प्रत सही करून माझ्या हातात दिली. "तुम्ही जा आणि घेऊनच या. तोवर दोन पेशंट थांबवून ठेवतो. नाहीच आला, तर आपली सुई आहेच."

ते शेवटचं वाक्य पिशवीत घालूनच मी गाडीत बसले असं म्हटलं तरी चालेल.

स्टेशनवरून

मार्चचा दुसरा आठवडा. सकाळी नऊलाच ऊन असं, की रस्त्यावरची माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून फिरत होती. स्टेशनबाहेर पोहे घेतले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला, त्याला इथे तर्री म्हणतात. आम्ही सांगलीकर तिखटाच्या बाबतीत स्वतःला फार समजतो. दोन घासांत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पोहेवाला बघत होता. "पह्यल्यांदा आल्या का बाई? पानी प्या, मंग अजून घ्या." मी पाणी प्यायले आणि खरंच अजून घेतले. तिखट असले तरी सोडवेनात.

शहर मात्र आवडलं. रस्ते रुंद, झाडं जुनी आणि मोठी, माणसं निवांत. आमच्याकडे पत्ता विचारला तर लोक हाताने दाखवून मोकळे होतात. इथे एका गृहस्थांनी मला पत्ता सांगता सांगता मुलाच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं आणि मग सायकल-रिक्षावाल्याशी माझ्या वतीने हिंदीत घासाघीसही केली.

ते सरकारी इस्पितळ म्हणजे एक गावच. एक्स-रे विभागात मी विचारलं, "मेश्रामसाहेब कुठे भेटतील?"

कारकून म्हणाला, "कोनते? इथं चार मेश्राम आहेत. साहेब त्यातला एक बी नाई."

"नळी वळवतात ते. मेंदूच्या तपासणीची."

"अच्छा, शेवंताबाई!" आणि त्याने कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट केलं.

तिथे एक बाई उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, काळ्यासावळ्या, काटक, आयाची निळ्या काठाची पांढरी साडी, हातात फिनेलची बादली. मी सांगलीची सवय म्हणून हाक मारली, "मावशी, मेश्राम म्हणजे..."

बादली खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मेश्राम मीच. आनि मावशी कोनाची जी? तुमची माय नि मी बहिनी आहो का? मले शेवंताबाई म्हना."

आमच्या इस्पितळात प्रत्येक आया 'मावशी' असते. मावशी म्हणायचं आणि चहा आणायला पिटाळायचं. हे नातं एकतर्फी आहे, हे मला नागपूरला जाऊन कळलं. मी तिथेच माफी मागितली.

पत्राचंही कोडं सुटलं. पत्र आलं होतं. कारकुनाने श्री. मेश्राम, टेक्निशियन असा माणूस हजेरीपत्रकात शोधला, सापडला नाही, म्हणून पत्र फायलीत लावून टाकलं. शेवंताबाईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी माझ्याजवळची प्रत काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं, आणि 'टेक्निशियन' या शब्दाशी बोट थांबलं.

"हे मले आहे?" त्या म्हणाल्या.

"तुम्हालाच."

"पाहा बरं बाई नीट. मी आया आहो."

"नळी तुम्हीच वळवता ना?"

"हाव."

"मग तुम्हालाच," मी म्हटलं. त्या वेळी मला त्यात काहीच अवघड वाटलं नव्हतं.

किटली

दुसऱ्या दिवशी त्यांचं काम पाहिलं. कुही तालुक्यातल्या एका धानाच्या गावाहून आलेली म्हातारी टेबलावर होती. शेवंताबाईंनी तिला नीट पाहिलं, छातीचा एक्स-रे उजेडात धरून पाहिला, वय विचारलं. म्हातारीला वय माहीत नव्हतं. "मोठी नात किती वर्साची?" त्यावरून त्यांनी काय ते ताडलं आणि शेजारच्या खोलीत गेल्या. स्टोव्हवर ॲल्युमिनियमची किटली वाफ टाकत होती. चहाची किटली, दुसरं काही नाही.

"तरन्या मानसाची नस सरळ राह्यते. म्हाताऱ्याची ढिली पडते, वळन घेते. म्हनून बाक मोठा पाह्यजे," त्या नळी कापताना म्हणाल्या. नळीत तार घातली, तारेला बोटांनी बाक दिला, आणि टोक किटलीच्या तोटीसमोर धरलं. ओठ हलत होते. मग एकदम नळी गार पाण्यात. तार काढली तरी बाक तसाच राहिला. शेवटी त्यांनी हात धुतले, नळीचं टोक स्वच्छ केलं, डोळे मिटून खालच्या ओठावरून हळूच फिरवलं आणि मान हलवली. जरा खरखर लागली होती. पुन्हा टोक घासलं, पुन्हा ओठावर. "ओठाले टोचलं तर नसीले टोचन," त्या म्हणाल्या आणि नळी जंतू मारायच्या औषधात बुडवून ठेवली.

मी विचारलं, "वाफेत किती वेळ धरायचं? घड्याळ तर पाहिलं नाही तुम्ही."

"घड्याळ कायले? त्रिशरन म्हनतो मी. बुद्धाले शरन जायाच्या तीन ओळी झाल्या का काढाची."

"पण कुणी भरभर म्हणेल, कुणी सावकाश."

त्यांना माझा प्रश्न आवडला. "छप्पन साली दीक्षेच्या मैदानात मी होती. नवीन लगन झालेलं. माझा मालक नि मी सबन रात चालत आलो होतो. तिथं येवढ्या लोकाईनं संगं म्हटलं, मंग ते सावकाशच होनार ना? मागचा मानूस बी पुरा झाला पाह्यजे. तवापासून मी तसंच म्हनतो. कमी नाई, जास्त नाई."

म्हातारीच्या अंगात नळी कशी गेली ते मी काचेमागून पाहिलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन बोटांनी फिरवली, आणि ती वळली. बस्स! मी बारा वर्षं हे काम करतेय आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तो कंडक्टर दिसत होता. त्या सगळ्या वेळात शेवंताबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला म्हातारीच्या पावलावर बोटं ठेवून उभ्या होत्या. जांघेतून नळी गेली की पायाची नाडी नीट चालतेय ना, हे बघत. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

घरी जेवायला

संध्याकाळी त्यांनी मला नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत आपल्या घरी नेलं. दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाचं चित्र. नवरा गिरणीत होता, वारून सहा वर्षं झालेली. त्यांनी पाटोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, वरून तेलाचा तवंग, आणि पोह्यांची तर्री ज्याच्यापुढे काहीच नाही असं तिखट. "सांबार टाकू का वरून?" त्यांनी विचारलं. मी घाबरून म्हटलं, "नको नको, आणखी रस्सा कुठे घालता!" तेव्हा हसत हसत कोथिंबिरीची जुडी दाखवली. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी आयुष्यात एवढी कोथिंबीर एका ताटात खाल्ली नसेल.

जेवताना मी विचारलं की ही कला हातात आली कशी. तर त्यांचे वडील हातमागावर बसायचे, तुटलेला धागा बोटांनी ओळखायचे. आणि इस्पितळात टेक्निशियनची जागा होती, माणूस टिकत नव्हता. एक शिकला, मस्कतला गेला. दुसरा शिकला, कुवेतला गेला. "त्याईचं चुकलं नाई. तिकडं येका महिन्यात भेटते ते इथं वर्सात भेटत नाई. पन जाताना दोघंई मलेच सांगून गेले, शेवंताबाई, तेवढं सांभाळजा. मंग मीच सांभाळून राह्यली." जागा अजून रिकामी होती. काम त्या करत होत्या. पगार आयाचा होता.

"आणि बाहेरचे दवाखाने?"

"ते गाडी पाठवतात. नळी देतात, मी वळवून देतो. दिवाळीले लुगडं देतात." त्यांनी ट्रंक उघडून दाखवली. चार लुगडी, घडी न मोडलेली. त्या तपासणीची फी त्या दवाखान्यांत किती घेतात, हे मला माहीत होतं.

"चला ना सांगलीला," मी म्हटलं. कंडक्टरचं सगळं सांगितलं, त्याच्या हसण्यासकट. थांबवून ठेवलेल्या दोन पेशंटांचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पुष्पाले इचारावं लागन. माझी पोरगी. नरखेडकडं दिली. रइवारी चाला माझ्यासंगं."

संत्र्यांच्या गावात

रविवारच्या एस.टी.ने माझी हाडं खिळखिळी केली, पण काटोलच्या पुढे गेल्यावर मी ते विसरले. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, विहिरीवरच्या पंपांची टकटक, मध्येच कापूस वेचून झालेली उघडी शेतं. आमच्याकडे मळा म्हणजे ऊस, आणि उसात माणूस दिसेनासा होतो. संत्र्याच्या बागेत सगळं दिसतं. झाडाखाली बसलेल्या बायका दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं, फळं तर हाताशीच. मृगबहाराची तोडणी चालली होती.

पुष्पाच्या गावी उतरून बागेत गेलो, तर ती तशाच बायकांत बसून संत्री निवडत होती. तिशी गाठत आलेली, आईसारखीच काटक. फळ हातात घ्यायची आणि न बघता मोठ्या, मधल्या, लहान ढिगात टाकायची. मी एक फळ उचलून मधल्या ढिगात टाकलं. तिने ते पाहिलंही नाही, उचलून लहानांत टाकलं. "हे पोटात पोकळ आहे वं ताई. वरून मोठं दिसते." सोललं तर खरंच सुकं निघालं. माय तशी लेक!

शेवंताबाईंनी पत्र काढून तिला दिलं. पुष्पा सातवी शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं, तिथल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं. 'टेक्निशियनच्या जागेवर' पर्यंत आली आणि थांबली.

"माय, हे तुले लिवलं?"

"हाव."

"मंग इचारून काय राह्यली? जाय ना!"

"पेन्शन बुडन माझी. चार वर्स राह्यले."

"बुडू दे. पंधरा वर्स तू करून राह्यली नि नाव कोनाचं नाई. जिथं नाव देतात तिथं जाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, नक्की देतात ना हे? माझी माय साधी आहे. तिले फसवजा नका."

"माझ्या शब्दावर," मी म्हटलं. छाती पुढे काढून म्हटलं.

परतीच्या गाडीत शेवंताबाई खिडकीशी बसल्या होत्या. काटोल मागे पडल्यावर म्हणाल्या, "तुमच्याकडं थंडी राह्यते का जी? मी स्वेटर घेऊ का?" म्हणजे त्या येणार होत्या. मला गाडीत उभं राहून ओरडावंसं वाटलं. त्या आनंदात मी उतरताना माझी छत्री एस.टी.तच विसरले, ती काही पुन्हा मिळाली नाही.

ट्रंककॉल

सोमवारी पोस्टात जाऊन डॉक्टरांना ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला. मी ओरडूनच सांगितलं, "मेश्राम येताहेत! पण त्या बाई आहेत, आणि इथे त्यांची नेमणूक आयाची आहे. हात मात्र सोन्याचा!"

मग डॉक्टर म्हणाले, "आया?"

"हो."

"मग त्या पगाराचं काही खरं नाही, सिस्टर. आयाला टेक्निशियनचा पगार दिला तर उद्या आपल्या सगळ्या मावश्या दारात उभ्या राहतील. तिला तिथे मिळतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त देऊ. जागा आयाचीच राहील."

"पण पत्र?"

"पत्र राहू दे तिच्याजवळ. आत्ता काही बोलू नका. आधी घेऊन या. इथे आल्यावर मी समजावतो." आणि मग म्हणाले, "दोन पेशंट थांबलेत, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. दुसरं लक्षातच काय होतं? पोस्टाच्या पायऱ्यांवर मी उन्हात बसून राहिले. एक वाट अशी, की तोंड मिटून शेवंताबाईंना गाडीत बसवायचं. त्या एकदा सांगलीला आल्या की पेशंटकडे पाठ फिरवणार नाहीत, हे मी आठ दिवसांत ओळखलं होतं, आणि डॉक्टरांनी न बघताच ओळखलं होतं. दुसरी वाट अशी, की खरं सांगायचं आणि हात हलवत परत जायचं, आणि सुई मानेत जाताना पुन्हा कुणाचं तरी डोकं धरायचं. खोटं कशाला बोलू, पहिली वाट मला अर्धा तास बरी वाटत होती. पेशंट वाचतील, बाईंना दोन पैसे जास्तच मिळतील, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. मग पुष्पाचा चेहरा आठवला आणि माझी मलाच शरम वाटली.

संध्याकाळी इंदोऱ्यात गेले. शेवंताबाईंनी खरंच स्वेटर आणला होता, मरून रंगाचा, कागदातून काढून मला दाखवत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचा शब्दन्‌शब्द सांगितला. 'आत्ता काही बोलू नका' हेसुद्धा.

त्यांनी स्वेटर परत कागदात घातला. कागदाच्या घड्या होत्या तशाच नीट घातल्या. मी रडत होते, त्या नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "भात टाकतो."

डाळीचे वडे कुस्करून घातलेला वडाभात झाला, वरून फोडणीचं तेल. मला घास उतरेना. तेव्हा त्या रागावल्या. "जेवा ना वं! तुमी काहून उपाशी राह्यता? तुमी तर सांगितलं. न सांगता नेलं असतं तर मी गेली असती." मग माझ्या भातावर तेल वाढत म्हणाल्या, "मी येत नाई. आया म्हनूनच राह्यचं तर माझ्या गावात राहीन. पन त्या दोघाईच्या मानेत सुई नको. किती दिवस आहे तुमच्यापाशी?"

"तीन."

"उद्या साडेसातले या. नखं कापून या."

तीन दिवस

पहिल्या दिवशी मी सात नळ्या वाया घालवल्या. घड्याळ लावून पाहिलं, तर एक वितळली आणि एक सरळच राहिली. शेवंताबाई म्हणायच्या, "घड्याळाकडं पाहता नि हात हालते. नजर नळीवर ठेवा. तोंडानं म्हना." मला गणपतीचं स्तोत्र येत होतं, ते म्हणून पाहिलं. लहानपणापासून ते मी भरधाव म्हणते, आई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आत संपवायची सवय. नळी कच्ची राहिली. शेवटी मी म्हटलं, "तुमचंच शिकवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले चालन?"

"मला नळी वळायला हवी आहे, शेवंताबाई."

त्या हसल्या, आणि मैदानात म्हटलं होतं तसं, मागचा माणूस पुरा होईपर्यंत थांबत थांबत, त्यांनी मला तीन ओळी म्हणून दाखवल्या. मी त्यांच्या मागे म्हणाले. दुपारपर्यंत माझ्या आवाजाला ती चाल बसली. दुसऱ्या दिवशी एक बाक जमला. ओठावर फिरवला तर खरखरला, त्यांनी नळी कचऱ्यात टाकली. मी कुरकुरले, "अहो, जवळजवळ जमली होती!" त्या म्हणाल्या, "त्या कंडक्टरले बी सुई जवळजवळच लागली होती." मी नवी नळी कापायला घेतली.

तिसऱ्या दिवशी माझी नळी त्यांनी स्वतःच्या ओठावरून फिरवली. डोळे मिटून, एकदा, दोनदा. मग ती औषधात ठेवली आणि त्या सकाळच्या पेशंटला तीच दिली. मी काचेमागे श्वास धरून उभी. नळी वळली. शेवंताबाई पेशंटच्या पावलाशी उभ्या होत्या, तिथूनच त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

स्टेशनवर पोचवायला आल्या तेव्हा सोबत पुष्पाने पाठवलेली संत्र्यांची करंडी होती. आणि शेवंताबाईंनी ते पत्र, सांगलीचं, माझ्या हातात परत ठेवलं. "हे घेऊन जा. आता हे तुमचं आहे. मले देत नाई म्हनले ना, मंग तुमी घ्या. फुकट वळवू नका. मी पंधरा वर्स फुकट वळवली, आता त्याईले सवयच पडली."

परत सांगलीला

डॉक्टर दारातच म्हणाले, "मेश्राम कुठाय?" मी म्हटलं, "येत नाहीत. पेशंट घ्या टेबलावर." ती एक शाळामास्तरीण होती. मी किटली ठेवली. डॉक्टर मागे उभे राहून म्हणाले, "काय पुटपुटताय, सिस्टर?" मी उत्तर दिलं नाही, दुसरी ओळ चालू होती. नळी गेली. एक्स-रे काढले, फुगा कुठे आहे ते स्वच्छ दिसलं, आणि बाई संध्याकाळी उठून बसून चहा प्यायल्या. मी त्यांचं पाऊल धरून होते, सोडवेना.

दुसरा पेशंटही पार पडला. मग मी ते पत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "ही टेक्निशियनची जागा अजून रिकामी आहे ना? पगार यातच लिहिलाय."

"सिस्टर, तुम्ही तर आपल्या घरच्या!"

"घरच्या माणसाला देताना एवढं अवघड का जातं?" मी म्हटलं. त्यांची जीभ तिखट, पण मी आता तर्री खाऊन आले होते. दोन महिने घोळ घातला, सहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि शेवटी सही केली. 'मेश्राम' खोडून माझं नाव घातलं. 'श्री.'चं 'सौ.' झालं. मी ते पत्र घेऊन बाहेर आले आणि खरं सांगते, आनंद व्हायच्या आधी मला लाज वाटली. नाव त्यांचं होतं तिथे.

तसं मी शेवंताबाईंना कळवलं. पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. अक्षर त्यांचंच, मोठं, ओळीखाली बोट धरून लिहिल्यासारखं सरळ. ते मी जपून ठेवलंय, जसंच्या तसं देते.

"सिस्टरले शेवंताबाईचा नमस्कार. तुमची नळी वळून राह्यली, वाचून लय बरं वाटलं. पुष्पाले सांगितलं. मास्तरीनबाईले माझा नमस्कार सांगा. तुमचं कार्ड मी आमच्या इस्पितळाच्या मोठ्या साहेबाले दाखवलं. म्हनली, साहेब, हे पाहा, मी जिले तीन दिवसात शिकवलं ते टेक्निशियन झाली, मंग मी कोन? साहेब इचार करून राह्यले. स्वेटर थंडीत घालीन."